संगणक जाळ्यातील पाहुणा : सोय आणि जबाबदारी

(ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, शिक्षक आणि तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्यासाठी नंदुरबार येथे झालेल्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा हा मजकूर.)



नंदुरबार जिल्ह्यात येऊन माणसाच्या ओळखीविषयी बोलावयाचे, तर आरंभ टेंभलीपासूनच करावा लागतो. शहादे तालुक्यातील हे लहानसे गाव. २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक याच गावातील एका भगिनीला देण्यात आला. 'आपण कोण?' या प्रश्नाला यंत्राला समजेल असे उत्तर देण्याची देशव्यापी व्यवस्था आपल्या जिल्ह्यातून सुरू झाली, ही गोष्ट येथील प्रत्येकाला ठाऊक आहे.

आजचा माझा विषय त्याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. जो आपल्या कार्यालयाचा कर्मचारी नाही, आपल्या शाळेचा शिक्षक नाही, ज्याचे आपल्या संगणक जाळ्यात कायमचे खाते नाही, परंतु दोन तासांसाठी वा तीन दिवसांसाठी ज्याला ते जाळे वापरावयाचे आहे, अशा माणसाचे काय करावयाचे? त्याला दारातूनच परत पाठवावयाचे, की घराच्या किल्ल्याच त्याच्या हाती द्यावयाच्या? या दोन्ही टोकांच्या मधली जी वाट आहे, तिला संगणकाच्या परिभाषेत 'गेस्ट अकाउंट' म्हणतात. आपण तिला 'अतिथी खाते' म्हणू.

पाहुणे कोण आणि किती?

२५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेस मान्यता दिली. पुढे हीच योजना 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. ९ डिसेंबर २०२० रोजी 'पीएम-वाणी' या योजनेस मान्यता मिळाली आणि लहान दुकानदारालासुद्धा कोणत्याही परवान्याशिवाय वा नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय चालविण्याची मुभा मिळाली. शाळा, आश्रमशाळा, आरोग्य केंद्रे, पंचायत समित्या येथे कमीअधिक वेगाने जोडणी येत आहे. जोडणी आली की तिच्यामागोमाग पाहुणे येतात.

हे पाहुणे कोण असतात ते पाहा. लेखापरीक्षणासाठी आलेले पथक, दुसऱ्या तालुक्यातून प्रशिक्षणास आलेले चाळीस शिक्षक, निवडणुकीच्या कामासाठी बोलाविलेले कर्मचारी, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास आलेली मुलगी आणि तिचे वडील, किंवा ऊसतोडीसाठी गुजरातेत जाण्यापूर्वी शिधापत्रिकेची चौकशी करण्यास आलेले कुटुंब. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेचे उदाहरण घ्या. घोडे घेऊन दूरदूरचे व्यापारी येतात आणि मुक्काम करतात. अशा ठिकाणी सार्वजनिक वायफाय द्यावयाचे झाले, तर काही दिवसांपुरते हजारो अनोळखी लोक एकाच जाळ्यावर येणार. त्यांतील बहुतेक सर्व सज्जन असतात. परंतु व्यवस्था आखताना ती सज्जनांच्या सोयीसाठी आणि एखाद्या दुर्जनाच्या बंदोबस्तासाठी, अशी दोन्हींसाठी आखावी लागते.

उघड्या दाराची किंमत

येथे आपल्याच राज्यात घडलेली एक घटना सांगितली पाहिजे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका घडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. तपास अधिकाऱ्यांनी त्याचा माग काढला, तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. घरातील वायफायला कुलूप नव्हते. कोणीतरी बाहेरून त्या जोडणीवर येऊन आपला कार्यभाग साधून गेला आणि चौकशीचा ससेमिरा मात्र घरात राहणाऱ्याच्या मागे लागला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईतील आणखी दोन ठिकाणच्या वायफायचा असाच वापर झाल्याचे उघडकीस आले.

असे का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या ग्रामपंचायतीत वीस माणसे वीस मोबाइलवरून इंटरनेट वापरीत असली, तरी बाहेरच्या जगाला त्या विसांचा मिळून बहुधा एकच पत्ता दिसतो. हा पत्ता ग्रामपंचायतीच्या नावे असतो. वाड्यात दहा बिऱ्हाडे असावीत आणि पोस्टमनला वाड्याचा तेवढा क्रमांक ठाऊक असावा, तसा हा प्रकार आहे. पत्र कोणत्या बिऱ्हाडातून निघाले हे वाड्याच्या आतल्या नोंदीवरूनच कळू शकते. ती नोंद नसेल तर संशय साऱ्या वाड्यावर येतो. व्यवहारात तो वाड्यातील सर्वांत दुबळ्या माणसावर येऊन थांबतो.

या घटनांनंतर केंद्राच्या दूरसंचार विभागाने २३ फेब्रुवारी २००९ रोजी इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना आदेश दिले. सार्वजनिक ठिकाणी वायफाय वापरणाऱ्याला स्वतंत्र प्रवेशनाम आणि परवलीचा शब्द द्यावा, त्याची ओळख छायाचित्र असलेल्या ओळखपत्रावरून वा त्याच्या मोबाइलवर संदेश पाठवून पटवावी आणि ती नोंद एक वर्ष ठेवावी, असा त्यांचा आशय होता. मोबाइलवर येणारा 'ओटीपी' टाकल्याखेरीज रेल्वे स्थानकावरचे वा विमानतळावरचे वायफाय सुरू होत नाही, याचे मूळ येथे आहे. २०११ साली सायबर कॅफेंसाठी जे नियम झाले, त्यांतही वापरणाऱ्याची ओळख पटविणे आणि नोंदवही किमान एक वर्ष जतन करणे बंधनकारक करण्यात आले.

विश्रामगृहाचा दाखला

अतिथी खात्याची कल्पना नवी नाही. आपण सर्वांनी कधी ना कधी शासकीय विश्रामगृहात मुक्काम केला असेल. तेथील रीत आठवा. सक्षम अधिकाऱ्याने आरक्षणाचा आदेश दिलेला असतो. आपण गेल्यावर खानसामा नोंदवही पुढे करतो. तिच्यात नाव, हुद्दा, कोठून आलो, येण्याची तारीख आणि वेळ लिहून आपण सही करतो. मग आपल्याला एका खोलीची किल्ली मिळते. भांडारगृहाची किल्ली मिळत नाही, किंवा शेजारच्या खोलीचीही नाही. मुदत संपली की किल्ली परत करावयाची आणि जाण्याची वेळ लिहावयाची.

जाळ्यातील प्रवेशाची व्यवस्था पाहणारी आज्ञावली हेच काम करते. ती तीन प्रश्न विचारते : आलेला माणूस कोण आहे, त्याला काय काय करण्याची परवानगी आहे, आणि त्याने केव्हापासून केव्हापर्यंत किती वापर केला. ओळख, अधिकार आणि हिशेब हे तिचे तीन स्तंभ होत. 'रेडियस' नावाची जी पद्धत यासाठी जगभर वापरली जाते, ती १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीत तयार झाली. त्या काळी लोक टेलिफोनवरून संगणकाला जोडले जात, तेव्हा कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी ती होती. टेलिफोनची जोडणी गेली, पण पद्धत राहिली. आज मोठमोठ्या कंपन्यांची महागडी प्रणाली या तत्त्वावर चालते. 'फ्रीरेडियस' आणि 'पॅकेटफेन्स' यांसारख्या विनामूल्य मिळणाऱ्या मुक्त आज्ञावलीही याच तत्त्वावर चालतात. म्हणून पैशाअभावी हे करता येत नाही, असे म्हणण्याचे कारण नाही.

येथे एक गल्लत टाळावी. संगणकावर 'गेस्ट' नावाचे जे तयार खाते असते, ते त्या एका यंत्रापुरते असते आणि ते बंद ठेवणेच इष्ट. मी बोलतो आहे ते संपूर्ण जाळ्यात प्रवेश देणाऱ्या खात्याविषयी.

मांडणी कशी करावी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तंत्रज्ञ आपल्या कार्यालयात येतो, पेटी भिंतीवर लावतो आणि जातो. त्याने काय केले आणि काय राहिले, हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही आपले आहे. त्या दृष्टीने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे पाहुण्यांचे जाळे निराळे असावे. तार एकच असली, पेटी एकच असली, तरी आज्ञावलीच्या साहाय्याने तिचे दोन भाग करता येतात. एका भागात कार्यालयाचे संगणक, छपाई यंत्र, दप्तराचा सर्व्हर आणि सुरक्षा कॅमेरे राहतील. दुसऱ्या भागात पाहुणे राहतील आणि तेथून फक्त इंटरनेटकडे वाट असेल. घराच्या ओसरीवर बसलेल्याला पाणी द्यावे, चहा द्यावा, परंतु माजघरातील कणगीपर्यंत ओसरीतून वाट ठेवू नये. त्याचप्रमाणे एका पाहुण्याचा मोबाइल दुसऱ्याच्या मोबाइलला दिसू नये, अशी सोय बहुतेक पेट्यांत असते. ती सुरू करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाला स्वतंत्र खाते असावे. सर्वांना मिळून एकच परवलीचा शब्द देणे म्हणजे विश्रामगृहाच्या नोंदवहीत 'अनेक लोक आले आणि गेले' असे लिहिण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट, खात्याला मुदत असावी. मुदत दोन प्रकारे घालता येते : एक ठरावीक तारीख आणि वेळ, दुसरी पहिल्या वापरापासून मोजलेले तास. चाळीस शिक्षकांचा तीन दिवसांचा वर्ग असेल, तर पंचेचाळीस चिठ्ठ्या एकदम छापाव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर निराळे नाव आणि निराळा परवलीचा शब्द असावा आणि तिसऱ्या दिवशी सायंकाळी सहा वाजता सर्व खाती आपोआप बंद व्हावीत. अर्ज भरण्यास आलेल्या नागरिकाला मात्र दोन तासांची चिठ्ठी पुरेशी आहे. हाताने बंद करू, असे म्हणून ठेवलेले खाते कधीच बंद होत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

चौथी गोष्ट, प्रत्येक पाहुण्याला एक यजमान असावा. ज्या कर्मचाऱ्याने खाते दिले, त्याचे नाव खात्याशी जोडलेले राहावे. आज्ञावलीत अशीही सोय असते की पाहुण्याने स्वतः अर्ज भरावा, तो यजमानाकडे जावा आणि त्याने मान्यता दिल्यावरच खाते सुरू व्हावे. चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याला केवळ खाते उघडण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार असावा. संपूर्ण जाळ्याची मांडणी बदलण्याचा अधिकार निराळ्या व्यक्तीकडे असावा आणि पेटीसोबत कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदललेला असावा.

पाचवी गोष्ट, वाटा ठरवून द्यावा. समजा, ग्रामपंचायतीची जोडणी शंभर एमबीपीएस वेगाची आहे. त्यांतील तीस पाहुण्यांच्या भागासाठी राखावेत आणि एका खात्याला दोनपेक्षा अधिक मिळू नयेत. एका खात्यावर एकाच वेळी एक किंवा दोनच उपकरणे चालावीत. अन्यथा एकाने चित्रपट उतरवून घेण्यास आरंभ केला की दाखला काढणाऱ्याचे काम खोळंबते.

सहावी गोष्ट लहान आहे, पण तिच्यावाचून बाकीचे व्यर्थ जाते. चिठ्ठीवरील परवलीचा शब्द माणसाला वाचता आणि टाइप करता आला पाहिजे. इंग्रजी 'ओ' आणि शून्य, लहान 'एल' आणि एक यांत भल्याभल्यांची फसगत होते. इंग्रजी अक्षरांचा सराव नसलेल्यांसाठी आठ आकडी संकेतांक ठेवावा आणि पाचसहा वेळा चुकल्यास काही मिनिटे प्रवेश थांबेल अशी योजना करावी. सुरक्षितता आणि सोय दोन्ही साधतात.

घड्याळाची गोष्ट

आता जी हकिकत सांगतो ती माझी स्वतःची आहे. एका कार्यालयाच्या जाळ्याची मांडणी करणाऱ्यांत मी होतो. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. पाहुण्यांसाठी आम्ही एकच खाते ठेवले होते आणि त्याचा परवलीचा शब्द सूचना फलकावर लिहिला होता. सर्वांनी आमचे कौतुक केले, कारण कोणाला काही विचारावे लागत नव्हते. तीन वर्षे तो शब्द फलकावर तसाच राहिला.

एके दिवशी चौकशी आली. त्या कार्यालयाच्या जोडणीवरून एका महिलेविषयी अत्यंत हीन मजकूर प्रसृत झाला होता. अमुक तारखेला रात्री नऊच्या सुमारास जाळ्यावर कोण होते, असे विचारण्यात आले. आम्ही नोंद उघडली. तिच्यात तारीख होती १ जानेवारी १९७०. स्वस्त पेट्यांच्या आत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्यांचे घड्याळ पुन्हा आरंभापासून मोजू लागते, आणि संगणकांच्या एका मोठ्या कुळात काळाची मोजणी १ जानेवारी १९७० पासून होते. बाहेरच्या घड्याळाशी वेळ जुळवून घेण्याची सोय त्या पेटीत होती. ती आम्ही सुरूच केलेली नव्हती.

कार्यालयात एक कंत्राटी संगणक चालक होता. काम साचले की तो रात्री उशिरापर्यंत थांबत असे. संशय त्याच्यावर आला. त्याने ते केले असे कधी सिद्ध झाले नाही, आणि केले नाही असेही सिद्ध करता आले नाही. कोणी त्याला शिक्षा केली नाही. पण त्याच्याशी लोक बोलेनासे झाले, आणि तीन महिन्यांनी त्याने स्वतःच नोकरी सोडली. ज्या महिलेविषयी तो मजकूर होता, तिलाही न्याय मिळाला नाही. पाहुण्यांना सोय व्हावी म्हणून आम्ही जे केले, त्याची किंमत ज्या दोघांनी मोजली त्यांपैकी कोणीही पाहुणा नव्हता. त्या मांडणीत मी होतो, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच आज या विषयावर बोलतो आहे.

तेव्हा सातवी गोष्ट ही की पेटीचे घड्याळ बरोबर असले पाहिजे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दल, ज्याला 'सर्ट-इन' म्हणतात, त्याने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत हेच सांगितले आहे. शासकीय संस्थांसह सर्व संबंधितांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, जाळ्याच्या नोंदी एकशेऐंशी दिवस जपाव्यात आणि निर्देशांत सांगितलेली सुरक्षाभंगाची घटना लक्षात येताच सहा तासांच्या आत कळवावी, असे त्यांत म्हटले आहे. येथे आणखी एक सावधगिरी बाळगावी. कित्येक पेट्या ग्रिनिचची वेळ लिहितात. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. रात्री नऊची घटना अशा नोंदीत दुपारी साडेतीनची म्हणून दिसते, आणि त्या वेळी खुर्चीत बसलेला निरपराध माणूस अडचणीत येतो.

याच संदर्भात सांगावयाचे म्हणजे, मोबाइलचा जो यांत्रिक क्रमांक जाळ्याला दिसतो त्यावर माणूस ओळखता येतो, असा समज आता उरलेला नाही. साधारण २०१९-२० पासूनचे नवे मोबाइल प्रत्येक जाळ्याला निराळा, स्वतः बनविलेला क्रमांक सांगतात. म्हणून नोंद खात्याच्या आधारे व्हावी, यंत्राच्या आधारे नव्हे.

जेथे ओटीपी पोहोचत नाही

आतापर्यंत मी दाराला कडी कशी लावावी हे सांगितले. पण कडी अशी नसावी की घरच्या माणसालाच आत येता येऊ नये.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत दोनतृतीयांशाहून अधिक आदिवासी बांधव होते. सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर, विशेषतः नर्मदाकाठच्या गावांत, मोबाइलची लहर मिळविण्यासाठी टेकडी चढावी लागते, हे आपणांस मी सांगावयास नको. अशा ठिकाणी कार्यालयात वायफाय आहे, पण त्यात शिरण्यासाठी मोबाइलवर संदेश यावा लागतो, आणि मोबाइलला लहर नाही म्हणून तर माणूस वायफाय शोधीत आला आहे! कुलपाची किल्ली कुलपातच ठेवल्यासारखे हे झाले. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो घेऊन कर्ता पुरुष कामासाठी परप्रांती गेला आहे, तेथे शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास आलेल्या मुलीचा ओटीपी तिच्याकडे येतच नाही.

याला उपाय आहे, आणि तो महाग नाही. ओटीपी हा एक मार्ग ठेवावा, एकमेव मार्ग ठेवू नये. ज्याच्याजवळ मोबाइल नाही वा लहर नाही, त्याला कर्मचाऱ्याने ओळखपत्र पाहून छापील चिठ्ठी द्यावी आणि नोंदवहीत सही अथवा अंगठा घ्यावा. २००९ च्या आदेशातही ओळखपत्र किंवा मोबाइल संदेश असे दोन पर्याय होते, याचे स्मरण ठेवावे. गावचा रहिवासी असल्यास ग्रामपंचायत अधिकारी, आश्रमशाळेचा विद्यार्थी असल्यास मुख्याध्यापक हे त्याचे यजमान होऊ शकतात.

प्रवेशाचे जे पान प्रथम समोर येते, ते मराठीत असावे. दोन ओळी भिली, पावरी, मावची वा अहिराणीतून असल्या तर उत्तमच. इंग्रजी अटींची लांबलचक यादी आणि खाली 'मान्य आहे' असे बटन, याला संमती म्हणता येणार नाही. आपण कोणती माहिती घेत आहोत, कशासाठी घेत आहोत आणि केव्हा पुसून टाकणार आहोत, हे तीन वाक्यांत सांगता येते.

माहिती किती घ्यावी

घेण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. पाहुण्याची ओळख पटविणे वेगळे आणि त्याची कुंडली मागणे वेगळे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. यामागील साधे तत्त्व असे की, कामापुरतीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती ठेवू नये.

दोन तासांच्या वायफायसाठी आधारपत्राची छायाप्रत घेऊन ती उघड्या कपाटात रचून ठेवणे, हे त्या तत्त्वाच्या विरुद्ध आहे. ओळखपत्र पाहावे, नाव आणि गाव लिहावे, ओळखपत्राचा प्रकार नोंदवावा आणि ते परत करावे. नोंदवही टेबलावर उघडी ठेवू नये. आपल्या आधी आलेल्या मुलीचा मोबाइल क्रमांक पुढच्या इसमाला वाचावयास मिळतो, याचे परिणाम कित्येकींनी भोगले आहेत. नोंद कुलुपात असावी, ती कोणी पाहिली याचीही नोंद असावी आणि कायद्याने ठरविलेली मुदत संपल्यावर ती रीतसर नष्ट करावी.

नोंद कशाची, हेही स्पष्ट असावे. खाते कोणाचे, कोणत्या वेळी सुरू झाले, कोणत्या वेळी संपले, कोणता पत्ता मिळाला, एवढे पुरेसे असते. पाहुणा काय वाचतो, कोणाशी काय बोलतो हे पाहत बसणे यजमानाचे काम नव्हे.

पाहुण्यानेही आपली सावधगिरी सोडू नये. ज्या वायफायला कुलूप नाही, त्यावरील संदेश हवेतून जाताना दुसऱ्याला ऐकता येण्याची शक्यता असते. ग्रामपंचायतीच्याच नावाचे खोटे वायफाय कोणी शेजारी उभे करू शकतो. म्हणून प्रवेशाच्या पानावर बँकेचा संकेतांक वा आधारचा ओटीपी कोणी मागितला, तर तेथेच थांबावे आणि कर्मचाऱ्याला विचारावे. शाळेत मुलांना हे एकदा सांगितले, तर ती घरी जाऊन मोठ्यांना सांगतात.

आपण काय करू शकतो

ही कामे कोणी करावयाची? पंचायतीच्या सदस्यांनी मासिक सभेत एक साधा ठराव करावा : पाहुण्यांना प्रवेश कोण देईल, किती मुदतीचा देईल, नोंद कोठे राहील आणि ती कोण पाहू शकेल. तंत्रज्ञाला पैसे अदा करण्यापूर्वी पाहुण्यांचे जाळे वेगळे आहे काय, घड्याळ जुळले आहे काय, वीज जाऊन आल्यावरही ते जुळलेले राहते काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न घेता पेटीचे बटन बंद करून, पुन्हा लावून, समक्ष पाहावे.

अधिकाऱ्यांनी दरमहा एकदा चालू खात्यांची यादी काढावी. तीत ज्यांचा मुक्काम केव्हाच संपला आहे अशी नावे सापडतील. ती त्याच दिवशी बंद करावीत. बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचे खातेही त्याच दिवशी बंद व्हावे, कारण बदलीनंतर तोसुद्धा पाहुणाच होतो.

शिक्षकांवर माझी सर्वांत अधिक भिस्त आहे. परवलीचा शब्द म्हणजे दात घासण्याचा ब्रश, तो दुसऱ्याला देऊ नये, हे मुलांना गमतीने सांगता येते. आपल्या खात्यावरून दुसऱ्याने केलेल्या कृत्याचा जाब आपल्याला द्यावा लागतो, ही गोष्ट मात्र गंभीरपणे सांगावी लागते.

मित्रहो, खानदेशच्या आणि सातपुड्याच्या घरी आलेला माणूस उपाशी जात नाही, अशी आपली ख्याती आहे. ती संगणक जाळ्याच्या बाबतीतही टिकावी. दारात आलेल्या मुलीचा अर्ज लहर नाही म्हणून राहू नये, आणि पाहुण्याने केलेल्या कृत्याबद्दल कोणा कंत्राटी कर्मचाऱ्याने मान खाली घालून नोकरी सोडू नये. यासाठी लागते ती एक मुदतीची चिठ्ठी, एक प्रामाणिक नोंद आणि बरोबर चालणारे एक घड्याळ. आपल्या कार्यालयात परत गेल्यावर प्रथम सूचना फलकाकडे पाहा. तेथे परवलीचा शब्द लिहिलेला असेल, तर तो पुसा आणि कामाला आरंभ करा.